गोमंतकीय गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत सांखवाळच्या एका तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' हे मुलांसाठी निघणारे मराठी मासिक पडले. शालेय शिक्षण जेमतेम, घरच्या नारळीच्या बागायतीचा व्याप अंगावर, लग्न झालेले. अशा अवस्थेत त्याने त्या मासिकात भगवान बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याचे चित्त त्या एकाच विषयाने व्यापून गेले. १८९९ साली त्याने घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असा प्रवास करीत, मिळेल तेथे संस्कृत आणि पाली शिकत तो पुढे बौद्ध विद्येचा जगन्मान्य पंडित झाला. हेच आचार्य धर्मानंद कोसंबी. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ जुन्या मराठी ग्रंथालयांच्या सभासदांना नव्याने सांगावयास नकोत. एखादे मासिक खेड्यातल्या वाचकाच्या हाती पडल्याने काय होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण गोमंतकाच्या वाङ्मयीन इतिहासात क्वचितच सापडेल.

प्रस्तुत लेख मात्र धर्मानंदांविषयी नसून त्यांचे पुत्र दामोदर यांच्याविषयी आहे. डी. डी. कोसंबी हे नाव आज बहुतेकांना इतिहासकार म्हणून ठाऊक आहे आणि त्यांच्या इतिहासग्रंथांवर वादही भरपूर झाले. परंतु त्यांनी आयुष्यभर पोटासाठी आणि अंतरीच्या ओढीने जो व्यवसाय केला तो गणिताचा. इतिहास हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता, असे म्हटले तर इतिहासाचे अभ्यासक रागावतील, पण ते फारसे चुकीचे ठरणार नाही. त्यांचे गणित काय होते, आणि ज्या माणसाच्या कल्पना आज जगभर वापरात आहेत त्याचे नाव त्या कल्पनांना का चिकटले नाही, हे कोरगावच्या वाचकांपुढे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. धर्मानंद पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन करीत असल्याने बालपण पुण्यात गेले. १९१८ साली 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना पुन्हा पाचारण केले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि त्याची थोरली बहीण माणिक ही दोघे त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेली. शालेय शिक्षण तेथील केंब्रिज गावी झाले. त्याच गावात नॉर्बर्ट वीनर या पुढे अत्यंत प्रसिद्धीस आलेल्या गणितज्ञाशी या मुलाची ओळख झाली, कारण वीनरचे वडील हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे सहकारी होते. मधल्या काळात भारतात येऊन १९२६ च्या आरंभी कोसंबी हार्वर्डला परत गेले. बर्कॉफ हे त्या काळचे अमेरिकेतील अग्रगण्य गणिती. त्यांची इच्छा अशी, की या विद्यार्थ्याने केवळ गणितावर लक्ष एकवटावे. विद्यार्थ्याने मात्र अनेक विषय आणि युरोपातील अनेक भाषा यांवर हात टाकला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली. या बहुश्रुततेचा पुढे त्यांना फायदा झाला तसा तोटाही झाला.

भारतात परतल्यावर पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात लागली. तेथून १९३० मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो भौतिकशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात, आणि विषय होता लंबवर्तुळाकार ग्रहकक्षेचे हळूहळू होणारे भ्रमण. बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितात बसत नाही ती का, या प्रश्नाचे उत्तर आइन्स्टाइनने १९१५ मध्ये दिले होते. त्यानंतरच्या पिढीतील तरुणांना भौतिकशास्त्र आणि भूमिती यांच्यामध्ये भिंत उरली आहे असे वाटत नव्हते आणि कोसंबी त्यांपैकीच एक होते.

१९३१ साली त्यांचा नलिनी माडगावकर यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने त्यांना अलीगढला बोलावून घेतले. येथे एक गमतीची गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. विभागातील एका सहकाऱ्याशी कोसंबींचे बिनसले होते. त्याची जिरवावी म्हणून वेल यांनी सुचविले, की एखाद्या काल्पनिक गणितज्ञाच्या नावावर एक निबंध लिहावा. कोसंबींनी तसा गंभीर चेहऱ्याचा निबंध लिहिला आणि त्यातील सिद्धांत बुर्बाकी नावाच्या, रशियन राज्यक्रांतीच्या धामधुमीत मरण पावलेल्या कोणा गणितज्ञाच्या माथी मारला. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो छापूनही आला. पुढे १९३५ च्या सुमारास वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी सामुदायिकपणे ग्रंथलेखन करण्यासाठी जे टोपणनाव घेतले ते हेच बुर्बाकी, आणि विसाव्या शतकाच्या गणितावर त्या नावाची केवढी छाप पडली हे गणिताचे विद्यार्थी जाणतात. ते नाव गणिताच्या छापील पानावर प्रथम उमटविण्याचा मान गोव्याच्या माणसाकडे जातो.

अलीगढच्या दोन वर्षांत त्यांनी जे खरे काम केले ते 'पथ-अवकाशा'च्या भूमितीचे. पेडण्याच्या डोंगराळ भागात वावरलेल्या माणसाला ही कल्पना समजणे अवघड नाही. डोंगराचे चढ-उतार आपल्याला ठाऊक असतील तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी जवळची पाऊलवाट कोणती हे काढता येते. रीमान या जर्मन गणितज्ञाची भूमिती अशाच वाटेने जाते: आधी अंतर मोजण्याचा नियम, मग वाटा. कोसंबींनी प्रश्न उलटा विचारला. समजा, डोंगर धुक्यात झाकला आहे आणि आपल्या हाती केवळ पाऊलवाटांचा नकाशा आहे, म्हणजे वाटांची समीकरणे तेवढी दिलेली आहेत. तर त्यांवरून डोंगराचा आकार, म्हणजे त्या अवकाशाची भूमिती, सांगता येईल काय? भौतिकशास्त्रात आपल्याला पुष्कळदा वस्तूंचे मार्गच दिसतात आणि त्यांमागचा नियम शोधावा लागतो. म्हणून हा प्रश्न केवळ कल्पनाविलास नव्हता. १९३३ मध्ये जर्मनीतील एका श्रेष्ठ गणितपत्रिकेत त्यांचा या विषयावरील निबंध आला आणि त्याच अंकात त्याच्या पाठोपाठ एली कार्तां या फ्रेंच महापंडिताचे त्यावरील विवेचन छापले गेले. सव्वीस वर्षांच्या, डॉक्टरेट नसलेल्या भारतीय अध्यापकास हा मान लहान नव्हे. पुढे चेर्न या चिनी गणितज्ञाने त्यात भर घातली आणि आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चेर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या नावाला न्याय मिळाल्याची जी थोडी उदाहरणे आहेत त्यांतील हे एक.

१९३३ ते १९४५ हा काळ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेला. १९३४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक त्यांना मिळाले. अध्यापक म्हणून ते सर्वसामान्य विद्यार्थ्यांना झेपणारे नव्हते आणि महाविद्यालयाशी त्यांचे फारसे जमलेही नाही. पण याच काळात ते संख्याशास्त्राकडे वळले आणि त्या वळणावर त्यांच्या आयुष्यातील दोन सर्वांत फलदायी निबंध लिहिले गेले.

पहिला १९४३ चा. खाजन शेतीच्या बांधावरील मानशीपाशी पाण्याची पातळी दिवसभर मोजून तिचा आलेख काढला, तर रोज एक वक्ररेषा मिळेल. भरती-ओहोटी, वारा, पाऊस यांमुळे रोजची रेषा वेगळी. पण अगदीच मनमानी वेगळी नाही. कोसंबींचे म्हणणे असे, की अशा शेकडो वक्ररेषांच्या मुळाशी काही थोड्या मूलभूत रेषा असतात, आणि त्या आपण बाहेरून लादावयाच्या नसून जमविलेल्या मापांतूनच शोधून काढावयाच्या असतात. त्या सापडल्या, की प्रत्येक दिवसाची रेषा म्हणजे त्यांचे कमी-अधिक प्रमाणातले मिश्रण ठरते आणि प्रचंड माहिती मूठभर आकड्यांत मावते. त्यांनी हा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला. महायुद्ध ऐन भरात होते. भारतातील नियतकालिक युरोपात कोण वाचणार? पुढच्या चार-पाच वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली आणि सिद्धांताला त्या दोघांचे नाव पडले. आज चित्रे कमी जागेत साठविणे, चेहरा ओळखणारी यंत्रे, प्रवाहातील खळबळीचा अभ्यास अशा अनेक ठिकाणी ही पद्धत वापरली जाते. अलीकडे काही लेखक कोसंबींचे नाव आरंभी जोडू लागले आहेत, पण पाठ्यपुस्तकांत पडलेली नावे सहसा बदलत नाहीत.

दुसरा निबंध त्याच सुमाराचा आणि अवघ्या काही पानांचा. गुणसूत्रावर जनुके माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर तितकी त्यांची फारकत होण्याची शक्यता अधिक, आणि म्हणून संततीतील फारकतीचे प्रमाण मोजून जनुकांमधील अंतर काढता येते. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते. पण त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काहीच परिणाम होत नाही असे गृहीत होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी तुकडे बदलले गेले की अगदी लगत पुन्हा तसे होण्याचा संभव घटतो. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरून नवे सूत्र दिले. जीवशास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसाने लिहिलेली ही पाने जनुकशास्त्रात अजून जिवंत आहेत. भाताच्या जनुकांचे नकाशे करणारे संशोधक आजही अंतरे काढताना हाल्डेन की कोसंबी अशी निवड करतात आणि पुष्कळदा कोसंबीच निवडतात. कोरगावच्या खाऱ्या खाजनात तग धरणाऱ्या कोरगुट भातासारख्या वाणांचा गुण कोणत्या जनुकात दडला आहे, हे शोधण्याची वाटही अशाच नकाशांतून जाते.

संख्याशास्त्र शिकावयाचे तर ते एखाद्या खऱ्या प्रश्नावर वापरून शिकावे, असा त्यांचा बाणा होता. त्यासाठी त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली आणि येथूनच गणितज्ञ इतिहासाच्या वाटेला लागला. ही चांदीची चपटी नाणी. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसत्या चिन्हांचे ठसे. तज्ज्ञ मंडळी चिन्हांच्या अर्थावर वाद घालीत बसली होती. कोसंबींनी सूक्ष्म तराजू मागविला. नाणे हातोहाती फिरते तेव्हा प्रत्येक वेळी त्याचा अत्यल्प अंश झिजतो. त्यामुळे जितका काळ नाणे चलनात राहिले तितके त्याचे वजन कमी, आणि एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांतील फरकही तितका अधिक. हे अनुमान खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्यांनी चालू काळातील नाणी हजारोंनी वजन केली. मग तक्षशिलेच्या निधीतील नाण्यांकडे ते वळले. मागील बाजूवरील ठसे वाढत जातात तसतसे सरासरी वजन घटत जाते, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणजे ते ठसे ठराविक काळाने नाणे तपासणाऱ्यांचे असले पाहिजेत, आणि म्हणून कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची हे तराजूवरूनच लावता येते. मुक्या नाण्यांना त्यांनी बोलते केले. आमच्या मते त्यांच्या सर्व इतिहासलेखनाची गुरुकिल्ली या नाण्यांत आहे. त्यांच्या मार्क्सवादाविषयी कोणाचे काही मत असो. पुरावा मोजून घ्यावा, हा आग्रह कोणत्याही वादातून आलेला नव्हता, तो प्रयोगशाळेतून आलेला होता.

नाण्यांवरून राजांकडे, राजांवरून ग्रंथांकडे, असा हा प्रवास पुढे लांबत गेला. संस्कृत त्यांनी पक्के केले आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची त्यांची प्रस्तावना आली. गोमंतकीय वाचकांसाठी याहून जवळचा आहे तो जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवरील त्यांचा निबंध, जो प्रथम १९४७ मध्ये आणि नंतर १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या संग्रहात प्रसिद्ध झाला. गावाची सामाईक जमीन, तिचे हिस्सेदार आणि देवस्थाने यांचा मेळ त्यात घातला आहे. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आला आणि नव्या काबिजादींत गणला गेला, त्यामुळे तो या निबंधाच्या कक्षेबाहेर राहिला. आपल्याकडील गावकरीवर कोणी तशाच काटेकोरपणे लिहावे, अशी इच्छा येथे नोंदवून ठेवतो.

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुण्याचे घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने रोज मुंबईस जाणे-येणे करीत आणि गाडीतला वेळ वाचनात घालवीत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी इंग्लंड-अमेरिकेतील नव्या गणकयंत्रांचा अभ्यास केला. शिकागो विद्यापीठात काही काळ भूमिती शिकविली आणि प्रिन्स्टनला आइन्स्टाइन, हेर्मान वाइल, फॉन नॉयमान यांच्याशी चर्चा केल्या. गणकयंत्रे भारतात कोणी पाहिलीही नव्हती त्या काळची ही गोष्ट आहे.

पण परतल्यानंतर संस्थेत त्यांचे सूर जुळेनासे झाले. भाभांचा भर अणुशक्तीवर होता. कोसंबींचे म्हणणे, की ज्या देशात वर्षाचे बहुतेक दिवस ऊन आहे त्याने आधी सूर्यशक्तीचा विचार करावा. ती खेड्याखेड्यांत विखुरलेली मिळते, तिला अवाढव्य भांडवल लागत नाही आणि तिच्यापासून बॉम्ब होत नाही. जागतिक शांतता चळवळीत ते भाग घेत होते. १९५० च्या दशकात हे बोलणे अनेकांना विक्षिप्तपणाचे वाटले. आज छपरांवर सौर पट्ट्या दिसतात तेव्हा त्या वादाची आठवण होते. त्यांची जीभ तिखट होती आणि ज्यांच्याशी जमवून घेणे भाग होते त्यांच्याशीही त्यांनी जमवून घेतले नाही, हेही तितकेच खरे.

याच सुमारास त्यांच्या हातून ती चूक घडली, जिच्याविषयी गौरवपर लेखांत सहसा मौन पाळले जाते. २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या संख्यारेषेवर कशा विखुरल्या आहेत, याविषयी रीमानने १८५९ मध्ये एक अनुमान मांडले. ते खरे की खोटे हे आजपावेतो कोणास सिद्ध करता आलेले नाही. गणितातील हा सर्वांत प्रसिद्ध अनिर्णित प्रश्न. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, संभाव्यतेच्या मार्गाने आपण तो सोडविला असल्याचा दावा कोसंबींनी केला, आणि तो छापला कृषि-संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात! युक्तिवादातील दोष जाणकारांना दिसला. संभाव्यतेने जे सिद्ध होते ते बहुतेक सर्व अनुक्रमांना लागू पडते; पण मूळ संख्यांचा अनुक्रम हा एकच आणि ठरलेला आहे, तो त्या 'बहुतेकां'त मोडतो हे कोणी सांगावे? दावा मान्य झाला नाही. कोसंबींनी हट्ट सोडला नाही आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत मूळ संख्यांच्या वितरणावर पुन्हा लिहिले. तीस वर्षे कमावलेल्या नावाला या प्रकरणाने मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही.

असे का व्हावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे मूळ एकाकीपणात आहे. हार्वर्डला त्यांच्या अवतीभवती चूक दाखविणारे दहाजण होते. अलीगढला वेल आणि विजयराघवन होते. पुण्यात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते, आणि मुंबईत जे होते त्यांच्याशी संवाद तुटत गेला. निबंध वाटेल त्या नियतकालिकात द्यावयाचे, विद्यार्थी तयार करावयाचे नाहीत, दुसऱ्याची टीका ही वैरातून आलेली मानावयाची, ही सवय जडली. १९४३ चा अस्सल शोध दूरच्या वाचकांच्या नजरेआड राहिला आणि १९५९ चा सदोष दावा तपासणीवाचून छापला गेला, या दोन्ही गोष्टींचे कारण पुष्कळसे एकच आहे. हा दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. त्या काळी भारतात गणिताची बिरादरीच एवढी तुटपुंजी होती.

१९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरून काठी घेऊन सूक्ष्मास्त्रे शोधीत हिंडण्यास पुन्हा अवसर मिळाला. १९६६ च्या फेब्रुवारीत 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये नाण्यांच्या शास्त्रीय अभ्यासावरील त्यांचा लेख आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले, वय ५८. वडिलांनी १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला होता, त्यास तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.

२००८ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्ताने टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि गोवा शासनाने त्यांच्या नावे पणजीत विचारमहोत्सव सुरू केला. त्यांचे विखुरलेले गणितविषयक निबंध एका जागी यावयास मात्र २०१६ साल उजाडावे लागले, जेव्हा रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादिलेला निवडक निबंधांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. अखेरच्या वर्षांत कोसंबींनी मूळ संख्यांवरील काही निबंध स्वतःच्या नावाने न छापता 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात दिले होते. तरुणपणी अलीगढला गंमत म्हणून घेतलेला बनावट नावाचा आधार त्यांनी या वेळी स्वतःसाठी घेतला.